बाळंतिणीची गुहा

वाकून या, इथं कपाळ लागतं. लागलं का? लागतंच. मी नेहमी जरा उशिरा सांगते.

तर ही बाळंतिणीची गुहा. इथं कुणी बाई बाळंत झाली नाही, बाबांनो. झाली ती दारू. काळ्या द्राक्षांची, लाल. तुम्ही शिकलेली माणसं तिला वाईन म्हणता.

खाली कोळदऱ्यात भवानराव नावाचा जहागीरदार होता म्हणे. त्याच्या मळ्यातल्या वेली लावल्या कोंडाबाई माळणीनं, सात वर्षं नदीवरनं डोक्यावर पाणी वाहून. जहागीरदार मोठा शौकीन, पण त्याला दम धरवत नाही. फाल्गुनात द्राक्षं तुडवून सालासकट ठेवायची. रंग सालाचा असतो, रस तर पांढराच निघतो. फसफसून निवलं की गाळून लाकडी पिंपात भरायचं, आणि पाडव्याला हा लगेच पेला पुढं करायचा. मग काय, जीभ चरचरायची, घसा आवळायचा. तीन सालं असंच झालं. चौथ्या साली तो म्हणाला, यंदा घसा धरला तर वेली उपटून ऊस लावीन.

कोंडाबाईला एक ठाऊक होतं. मागं तिचा एक बुधला कणगीमागं विसरून राहिला, तो दोन वर्षांनी सापडला, तर आतली दारू सायीसारखी मऊ. पण थांबा म्हटल्यावर जहागीरदार थांबतोय होय?

तिनं पिंपं ह्या गार गुहेत आणली, गुहेच्या तोंडाशी, बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा, कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि वाटेत आडवी बसली. पाडव्याला तो आला.

"सरकार, आत बाळंतीण आहे," ती म्हणाली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. तो गुमान परतला. सहा महिन्यांनी आला, तर ही म्हणे पोराला दात येताहेत, चावतंय. पुढच्या साली आला, तर जावळ काढायचं राहिलंय. तो लई चिडला, पण त्याच्या आईसाहेब म्हणाल्या, बाळंतिणीचा तळतळाट घराला नको. भवानराव तलवारीला भ्यायचा नाही, आईला भ्यायचा. कोंडाबाई मात्र रोज आत जायची. लाकूडही थोडी थोडी दारू पितं, तेवढी वरनं भरायची आणि चाखून बघायची.

तिसऱ्या पाडव्याला तिनंच डहाळा सोडला. भवानरावानं पेला उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. पिकल्या जांभळाची चव, मागनं ओल्या मातीची. बराच वेळ त्यानं गिळलंच नाही.

"चावत नाही आता," तो म्हणाला.

"चावायचं वय सरलं, सरकार. आता बोलायला लागलंय."

वेली राहिल्या. असं सांगतात की तुम्ही आत्ता ज्यांच्या खालनं आलात, त्या तिच्याच वेलींच्या कलमांच्या.

आजही पिंप उघडायच्या आधी इथला वाईन करणारा साहेब, परदेशात शिकून आलेला, बाहेर उभा राहून विचारतो, "आजी, बाळंतीण बरी आहे का?" गावातली सगळ्यात म्हातारी बाई हो म्हणेस्तोवर त्याला आत यायची सोय नाही. सध्या ती मी. गेल्या साली पाच महिने उभा ठेवला बिचाऱ्याला. वाईन कधीचीच तयार होती म्हणे. असेल. पण रोज सकाळी घोटभर घेतल्याबिगर मला कसं कळणार?