बांधावरची पेटी

डोंगरापलीकडच्या एका गावात एक म्हातारी राहायची. तिच्या अंगणात मधमाश्यांच्या लाकडी पेट्या होत्या. माश्यांशी ती नातवंडांशी बोलावं तशी बोलायची आणि मध काढताना त्यांच्यापुरता पेटीत मागे ठेवायची.

शेजाऱ्याचा भोपळ्याचा मळा होता. एकदा त्याच्या नाकाला माशी चावली आणि नाकाचाच भोपळा झाला! त्याने गाव डोक्यावर घेतलं.

"म्हातारे, तुझ्या माश्या गावाबाहेर ने!"

गावानेही मान डोलावली. बिचारीने पेट्या रानाच्या कडेला नेऊन ठेवल्या.

तिथे राखण कोण करणार? एका सकाळी जाऊन पाहते तर काय, चोराने बऱ्याच पेट्या पळवलेल्या, उरलेल्या लाथाडून फोडलेल्या. मधाचं पोळं पिल्लांसकट मातीत तुडवलं होतं. एकच पेटी धड होती. म्हातारी तिथेच बसून रडली. गाव हळहळलं, पण "तिच्या माश्या, तिचं नुकसान" म्हणून आपापल्या कामाला लागलं.

त्या हंगामात भोपळ्याचे वेल फुलांनी भरून गेले, पण फळ काही धरेना. फुलं सुकून गळू लागली. शेजाऱ्याच्या लक्षात आलं, मळ्यात एकही माशी गुणगुणत नाही. वर्षाचं पीक हातचं जाणार होतं. तो खाली मान घालून म्हातारीकडे गेला.

"आजी, चुकलो मी. ती पेटी माझ्या बांधावर ठेवा."

म्हातारीच्या मनात राग होताच. शेवटची पेटी, आणि ती या माणसाच्या हवाली करायची? पण घरात दडवून माश्या जगणार नव्हत्या.

"ठेवते," ती म्हणाली, "पण आजपासून ती तुझीही. राखायची तू, आणि पहिला मध तुझ्या घरी."

वेलांना भोपळे लागले. माश्या वाढल्या तशा म्हातारीने एका पेटीच्या दोन केल्या, दोनाच्या चार, आणि त्याच अटीवर एकेका बांधावर ठेवल्या.

पुढच्या वर्षी चोर पुन्हा आला. तिन्हीसांजेची वेळ, काखेत रिकामं पोतं. खुरपणाऱ्या बाईला त्याने साळसूदपणे विचारलं, "ही पेटी कुणाची हो?"

"आमची!"

पुढच्या बांधावर विचारलं. तिथला गुराखी म्हणाला, "आमची!"

भोपळ्याच्या मळ्यात तर शेजारी कोयता घेऊनच उभा होता. "आमची आहे. का रे बाबा, काय काम होतं?"

"काही नाही, पाणी प्यायला आलो होतो," म्हणत चोराने जी धूम ठोकली, ती परत तोंड दाखवलं नाही.

पेट्या बघायला मागोमाग बांधावरून येणाऱ्या म्हातारीने हे सगळं आपल्या कानांनी ऐकलं. पेट्या तिच्या एकटीच्या उरल्या नव्हत्या, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त आनंद झाला.

तात्पर्य एवढंच, की जे सगळ्यांच्या उपयोगी पडतं, ते राखायचं काम एकट्यावर टाकू नये. सगळ्यांनी आपलं म्हटलं की त्याला हात लावायची चोराची छाती होत नाही.