राखेवरची चाल

डोंगरावर देवीचे ठाणे होते, ठाण्याला नऊशे पायऱ्या होत्या आणि पायथ्याच्या गावात भागाई नावाची एक म्हातारी राहत होती. मोडलेली हाडे बसवणे हे तिचे काम. हाड बसवायला तिला फार वेळ लागत नसे. तिचा जीव जायचा तो हाड बसल्यानंतर. हाड बिचारे मुकाट्याने जुळते, त्याला काही समजवावे लागत नाही. समजवावे लागते ते हाडाच्या मालकाला, आणि तिथेच भागाईच्या नाकी नऊ येत.

गावातले बरेच जण डोलीवाले होते. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्चीत बसवायचे, खुर्चीचे दांडे चौघांनी खांद्यावर घ्यायचे आणि देवीपाशी न्यायचे. चौघांचे पाऊल एकदम पडायला हवे. एकाचे चुकले की चौघांचे चुकते आणि वर बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून गावाने एक नियम केला होता. चैत्राच्या जत्रेआधी प्रत्येक डोलीत माणसाऐवजी काठोकाठ भरलेली घागर ठेवायची आणि शंभर पायऱ्या चढायच्या. पाणी सांडले की ती डोली वर्षभर बंद. कुणाचे हाड मोडलेले असेल, तर तो बरा झाल्याचे भागाईने सांगितल्याशिवाय त्याला दांड्याला हात लावता येत नसे.

दसऱ्याच्या सुमारास हैबती नावाचा डोलीवाला पायरीवरून घसरला आणि त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. भागाईने ते बसवले, बांबूच्या कामट्या बांधल्या. पौषात कामट्या सोडल्या तेव्हा हाड अगदी सरळ जुळले होते. पण हैबती चालू लागला की उजव्या पायावर भार येताच त्याची डावी कंबर खाली पडायची. आपण एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या पायाचा खुबा कंबर सरळ धरून ठेवतो. तीन महिने अंथरुणात पडून हैबतीचा उजवा खुबा ते काम विसरला होता.

त्याच्या डोलीचा म्होरक्या म्हादबा भागाईला येऊन भेटला. त्याचे म्हणणे सरळ होते. जत्रेला अडीच महिने आहेत. हैबती तोवर बरा होणार नसेल तर चौथा गडी वेळेवर शोधायला हवा, कारण ऐनवेळी आलेल्या माणसाशी पाऊल जुळत नाही. डोलीवर चार घरे जगत होती. भागाई म्हणाली, मी सांगते तेवढे त्याने रोज केले तर नक्की बरा होईल.

आता तिने सांगितले होते ते किती? डाव्या कुशीवर निजायचे. उजवा पाय सरळ ठेवून सावकाश वर उचलायचा, पंजा आभाळाकडे वळू द्यायचा नाही. खुब्यावर हात ठेवून तिथले मांस घट्ट होते की नाही ते पाहायचे. असे सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. बस. यात न कळण्यासारखे काय आहे, हे भागाईला चाळीस वर्षांत उमगले नव्हते.

आठ दिवसांनी हैबती ऐटीत आला. आज दोनशे वेळा पाय उचलला, असे त्याने अंगणातल्या चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. भागाईने त्याला करून दाखवायला लावले. तो निजला, अंग मागे कलते टाकले, पंजा आभाळाकडे केला आणि भराभरा पाय उडवू लागला. भागाईने खुब्यावर हात ठेवला. खुबा लोण्यासारखा मऊ होता. सगळे काम मांडीची पुढची बाजू आणि पाठ करत होती. तिने त्याचे अंग ढकलून सरळ केले, पंजा सरळ केला आणि आता उचल म्हणाली. पाय दोनदा वर गेला. तिसऱ्यांदा अर्ध्यात थरथरला आणि खाली आला.

"दोन तुझे," भागाई म्हणाली. "बाकीचे एकशे अठ्ठ्याण्णव कुणाचे ते देवीला ठाऊक."

हैबतीला ते झोंबले. नऊशे पायऱ्या माणूस वाहून नेणारा गडी मी, आणि दोनवर थांबू? लोक काय म्हणतील? त्याने तो पाय उचलण्याचा भिकार प्रकार सोडून दिला आणि गावच्या पारावर, सगळ्यांच्या देखत, बैठका मारायला सुरुवात केली. लोक आकडा मोजायचे, वाहवा करायचे. सगळा भार डाव्या पायावर टाकून तो उठतो-बसतो, हे मात्र एकाच्याही ध्यानात आले नाही. महिनाभरात डावी मांडी खांबासारखी झाली आणि उजवी होती तशीच राहिली. भागाई पारावर जाऊन त्याच्यावर ओरडली, तर लोकांनी तिलाच समजावले की गडी एवढा घाम गाळतोय, त्याला नाउमेद करू नये. घाम म्हणे! कुठला पाय घाम गाळतोय ते बघायला कुणी तयार नाही. त्या दिवशी भागाईच्या हातून भाकरी दोनदा करपली.

रोगी बरा झाला की नाही हे पाहायची भागाईची एक रीत होती. अंगणात ती चाळलेल्या राखेचा दहा पावलांचा पट्टा पसरायची आणि त्यावरून त्याला चालवायची. कोणती टाच खोल रुतली, कोणते पाऊल आखूड पडले, हे तिला राखेत वाचता येई. मग दोन्ही खुब्यांवर हात ठेवून ती त्याला एका पायावर उभे करी. हैबती दर आठवड्याला राखेवर चालायचा आणि दर आठवड्याला तेच दिसायचे. ती सांगायची, अरे बाबा, दहाच कर, पण खरे कर. तो मान डोलवायचा. मान मात्र त्याची ठणठणीत बरी होती.

जत्रेला पंधरा दिवस उरले तेव्हा म्हादबा हैबतीला घेऊन आला. आज काय ते सांग, तो म्हणाला, शेजारच्या वाडीतला एक गडी तयार आहे, पण तो यापुढे थांबणार नाही. भागाईने राख पसरली. हैबती चालला, आणि पावले पाहून ती थक्क झाली. उजवे काय, डावे काय, सगळी सारखी. तिने दोनदा वाकून पाहिले. खरे तर आता खुब्यावर हात ठेवायचा होता. पण या माणसाशी बोलून बोलून ती विटली होती, आणि राख इतकी चोख होती की तिला वाटले, ऐकले बाबाने एकदाचे. जा, धर दांडा, ती म्हणाली आणि मोकळी झाली.

परीक्षेच्या सकाळी अख्खा गाव पायऱ्यांपाशी जमला. हैबतीच्या डोलीत घागर ठेवली गेली. पहिल्या तीस पायऱ्या बऱ्या गेल्या. पण पायरी चढायची म्हणजे दर खेपेला सगळा भार एका पायावर पेलायचा असतो. चाळिसाव्या पायरीच्या आसपास उजवा पाय रोवताना हैबतीची डावी कंबर धाडकन खाली गेली. दांडा कलला. म्हादबाने मागून सावरायची खटपट केली, पण घागर हिंदकळली आणि पाणी पायरीवर सांडले. पंचांनी हात वर केला, डोली वर्षभर बंद. म्हादबाने घागर उतरवली, खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. उरलेले दोघे त्याच्या मागोमाग गेले.

भागाई तडक हैबतीच्या घरी गेली. त्याची बायको कोंडाबाई परसात होती, आणि तिथे जमिनीवर राखेचा पट्टा होता. बरोबर दहा पावलांचा.

"रोज चालत्यात त्याच्यावरनं," कोंडाबाई म्हणाली. "पावलाला पाऊल जुळंस्तवर. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

भागाईने कपाळाला हात लावला. ओठ चावून, जीव खाऊन, हा शहाणा महिनाभर दहा पावले नीट टाकायला शिकला होता. अकरावे पाऊल पुन्हा लंगडेच. दहा वेळा पाय उचलायला जितका वेळ लागला असता, त्याच्या चौपट वेळ त्याने बरा झाल्याच्या खुणा उमटवण्यात घालवला होता. अशा माणसाला म्हणावे तरी काय? आणि तिला स्वतःचाही काही कमी राग आला नाही. एकदा हात ठेवून पाहायला तिचे काय जात होते? ती पंचांकडे गेली, चूक माझीही आहे म्हणाली. पंचांनी ऐकून घेतले आणि नियम नियमाच्या जागी ठेवला. जत्रेत बाकीच्या डोल्या वर-खाली करत राहिल्या आणि म्हादबा दोन सोबत्यांना घेऊन दगडाच्या खाणीवर जाऊ लागला.

जत्रा उलटल्यावर एका सकाळी हैबती भागाईकडे आला. या वेळी अंगणात दुसरे कुणी नव्हते. भागाई तांदूळ पाखडत होती, तिने वर पाहिले नाही. तो ओसरीवर डाव्या कुशीवर निजला, तोंड भिंतीकडे केले, अंग सरळ केले आणि खुब्यावर हात ठेवला. पाय सावकाश वर गेला, सावकाश खाली आला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा थरथरत गेला. चौथ्यांदा अंग मागे कलायला लागले. तसेच कलू दिले असते तर आणखी शंभर सहज निघाले असते. हैबती थांबला.

"तीन झाले, मावशे," तो भिंतीकडे पाहतच म्हणाला. "चौथा माझा नव्हता."

भागाईने सूप खाली ठेवले. ती उठली आणि त्याच्या खुब्यावर हात ठेवून पाहिले. मांस घट्ट झाले होते, थरथरत होते. पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याचाही तिला रागच आला.

"आज तुझा पहिला दिवस," ती म्हणाली. "आता खाणीवर जा, आणि म्हादबाला सांग की आज तीन झाले."

हैबती उठला, आणि पारावरच्या लोकांसमोरून, कंबर जशी पडत होती तशी पडू देत, लंगडत खाणीकडे निघाला.

तात्पर्य: बरे दिसण्यासाठी घेतलेले कष्ट बरे होण्याच्या कामी येत नाहीत. आपल्या दुबळ्या जागेवर हात ठेवून केलेले तीन खरे, भक्कम जागेच्या जोरावर लोकांना दाखवलेल्या तीनशेंपेक्षा मोठे असतात.