दारातली झोप

“...मग आता माझं काय चुकलं, ते तरी सांगा!”

हौसा नवशिकी सुईण, पण तोरा असा की सगळ्या गावाला तिनंच जन्माला घातलंय. प्रत्यक्षात ते काम तिच्या गुरूनं, म्हाळसाआक्कानं केलेलं. गावातल्या निम्म्या मिशाळ पुढाऱ्यांना आक्कानं उघडंवाघडं पाहिलेलं होतं.

“तेल लावलं, शेक दिला, कपाळाला जायफळ उगाळून लावलं. तरी शेवंताच्या डोळ्याला डोळा न्हाई. आक्का... दूध आटाय लागलंय तिचं.”

हे शेवटचं बोलताना तोरा उतरला. तिकडं शेवंताचं पोर भुकेनं रडत होतं आणि हौसाला खरंच भीती वाटत होती.

आक्का उठली आणि तिच्याबरोबर शेवंताच्या घरी गेली.

दुपारची वेळ. बाळंतिणीच्या खोलीत बायकांची ही गर्दी. कुणी टोपडं घेऊन आलेली, कुणी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवायला. सासू घडीघडी डोकावून विचारायची, “झोपलीस का गं?” आणि शेवंता दर वेळी उठून बसून सांगायची, “न्हाई, आत्याबाई.”

“भाईर सोप्यात चहा आलाय,” आक्का म्हणाली.

खोली रिकामी झाली. चहा आलाच नव्हता.

आक्का दारात आडवी झाली आणि घोरायला लागली.

बायका परतल्या त्या दाराशीच थबकल्या. निजलेल्या माणसाला ओलांडायचं कसं? त्यातून ज्या बाईच्या हातावर आपली पोरं जन्मली, तिला? सासूनं लुगडं सावरून एक पाय उचलला...

घोरणं वाढलं.

पाय खाली आला.

बायका पांगल्या. आत शेवंता, बाळाला कुशीत घेऊन, गाढ झोपली.

हौसा वाकून कुजबुजली, “आक्का, तुमाला खरंच झोप लागली व्हती?”

आक्कानं एक डोळा उघडला.

“मला कुठली? ल्हानपणी आई हाक मारून उठवायची. सासरी हाकेच्या आधीच उठायची. मग जल्मभर दुसऱ्यांच्या कळांनी उठले. आता रातच्या हाका तुला येत्यात, अन् मेली झोपच येत न्हाई.”

हौसानं पदर खोचला.

“मग मी आता काय करू? आणिक थोडं जायफळ उगाळू?”

आक्का कण्हत उठली. रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, “हो आडवी.”

“अवो, एवढी विद्या शिकले ती हितं लोळायला?”

सोप्यातून सासूची पावलं वाजली.

“घोर, बाई,” आक्का म्हणाली. “जरा मोठ्यानं घोर.”