कातळावरचं फूल

मिरची समुद्रापलीकडून आपल्याकडे यायला अजून पुष्कळ वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. जेवणाला तिखटपणा यायचा मिऱ्यांचा आणि वास लवंगांचा. घाटमाथ्यावरच्या एका गावात एक सून आणि तिचा म्हातारा सासरा राहत होते. तिचा नवरा बंदरावरून बैलांवर मसाला लादून घाट चढून यायचा. एकदा घाटात दरड कोसळली आणि तो गेला. बैल तेवढे घरी परतले. एकाच्या पाठीवर लवंग-मिऱ्यांची छोटी पिशवी शिल्लक होती.

सासऱ्याने ती खुंटीला टांगली. म्हणाला, "हिला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या हातची शेवटची आहे."

त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं जेवण तुटलं. दोन घास खाऊन तो ताट सारायचा. "चव नाही गं, सूनबाई." बघता बघता तो काडीसारखा झाला.

शेजारीण म्हणाली, "अगं, खुंटीवर लवंगा आणि घरात म्हातारा उपाशी! चार काढ गुपचूप."

"चोरून घातलेलं त्यांच्या अंगी लागायचं नाही," सून म्हणाली. "मी दुसरं काहीतरी शोधीन."

"शोध हो! घाटात लवंगा उगवल्या तर मलाही आण."

अमावास्येला सून दरडीपाशी दिवा लावायला गेली. वाऱ्याने पणती कलंडली. तेल कातळावर सांडलं आणि पेटलं. कातळावर राखाडी पापुद्रे धरले होते, ते तडतडले. एकदम वास आला. नवरा घरी आला की त्याच्या कांबळ्याला यायचा, तसाच काहीसा.

तिने ओटीभर पापुद्रे खरवडून आणले आणि कुळथाच्या कढणात टाकले.

म्हाताऱ्याने एक घोट घेतला. "हे काय, माती?"

दुसऱ्या दिवशी तिने ते तव्यावर कोरडेच भाजले. कडूजहर झाले. शेजारीण दारातून हसली, "आज दगडाची खरवड! उद्या उंबरठा चिरशील विळीवर!"

सून चुलीपुढे बसून राहिली. पापुद्रा नाकाशी धरला. काहीच वास नव्हता. टाकून द्यावेत? पण तिथे वास आला होता, भास नव्हता तो. मग तिथे असं काय होतं, जे इथे नाही? विस्तव इथेही आहे.

तेल नव्हतं.

तिने पळीत तिळाचं तेल कडकडीत तापवलं आणि पापुद्रे त्यात सोडले. ते फुलले, काळे झाले. ती फोडणी कढणावर ओतताच घर वासाने भरून गेलं.

अंगणातून म्हातारा धडपडत आत आला. "आला? आला का गं तो?"

सुनेने पळी खाली ठेवली.

"नाही, मामंजी. ते आता यायचे नाहीत. मी आहे. पान वाढलंय."

म्हाताऱ्याने मागे वळून वाटेकडे पाहिलं. मग पाटावर बसला. कढण भाकरीवर ओतून घेतलं, पुन्हा मागून घेतलं.

"कुठनं आणलंस?"

"दरडीपाशी, कातळावर होतं."

त्याने बोटाने ताट निपटून घेतलं आणि खुंटीकडे पाहिलं.

"उद्या ती पिशवी खाली काढ. नुसत्या वासाने भागत नाही, तिखटपणाही हवा. दोन्ही एकत्र कूट."

"आणि संपलं की, मामंजी?"

"संपलं की बैल आहेत. आपण दोघं उतरू बंदरावर. वाट मला पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी मसाला कुटण्याचा आवाज ऐकून शेजारीण वाटी घेऊन आली. "अगं, जरासा दे की तुझा दगड!"

सुनेने हसून वाटी भरली. पुढे गाव त्याला दगडफूल म्हणू लागलं.

तात्पर्य: पहिल्या खेपेला वास आला नाही म्हणून वस्तू टाकू नये, आणि माणूसही. थोडी आच आणि बराच धीर दोघांनाही लागतो.