वाढणाऱ्यांची पंगत

एका गावात एक कापडाचे व्यापारी राहत होते, मुकुंदशेट. माणूस देवभोळा, दिलदार आणि अंमळ हट्टी. आई गेल्यावर त्यांनी तिच्या नावाने गावात धर्मार्थ दवाखाना बांधला. वीस खाटा, दारात कडुनिंब, मागे स्वयंपाकघर. पंचक्रोशीतले लोक आजारी माणसं बैलगाडीत घालून आणत आणि बहुतेकांना चालवत घरी नेत.

दवाखान्यात कामाला माणसं मोजकीच होती. नाडी बघणारे त्र्यंबकवैद्य, झाडलोट करणारा आणि रोग्यांना उचलून ठेवणारा गेनू, स्वयंपाक करणाऱ्या सुंद्राबाई, आणि रोग्यांचं सगळं बघणाऱ्या भिवराबाई. भिवराबाई रोग्यांना औषध पाजत, त्यांचं अंग पुसत, रडणाऱ्याजवळ थांबत. त्यांच्या हातून कडू काढाही गोड लागतो, असं रोगी म्हणत. ते काही खरं नव्हतं. काढा कडूच होता, पण लोक तो पीत.

दवाखाना उघडला त्या दिवशी शेटांनी चौघांना समोर बोलावलं होतं.

"माझी आई म्हणायची, आधी पाहुण्याची पंगत, मग घरच्यांची. वाढणाऱ्याने मागून जेवावं. रोगी हा आपला पाहुणा. शेवटचा रोगी जेवून, औषध घेऊन आडवा झाल्याशिवाय आपल्यापैकी कोणी पानावर बसायचं नाही."

चौघांनी माना डोलावल्या. बोलणं कानाला चांगलं लागलं होतं, आणि शेटांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण लग्नातली पंगत कधीतरी उठते. दवाखान्यातली उठत नाही. एक रोगी जेवला की दुसरा ओकायचा. त्याचं आवरेपर्यंत तिसऱ्याच्या औषधाची वेळ व्हायची. आता बसावं म्हणेपर्यंत दारात गाडी उभी राहायची. वाढणाऱ्यांच्या भाकरीवर झाकण पडलं की ते पडलेलंच राहायचं. संध्याकाळी ती कडक भाकरी गाईपुढे जायची. वर्षभरात कडुनिंबाखालची गाय चांगली धष्टपुष्ट झाली. माणसं मात्र वाळली.

शेट रोज सकाळी दवाखान्यात चक्कर मारत. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. वैद्यबुवा क्षुल्लक गोष्टीवरून खेकसू लागले होते. गेनू खांबाला टेकला की उभ्याउभ्या पेंगत होता. भिवराबाईंचं हसणं कुठे गेलं ते कोणालाच कळलं नव्हतं. शेटांना मनापासून वाईट वाटलं. आपल्या माणसांसाठी काहीतरी केलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, गावातल्या सात जणांना भाषणं करायला लावली. "तुम्ही माणसं नाही, देव आहात!" असं शेट स्वतः म्हणाले. आता देवाला नैवेद्य तरी वेळेवर दाखवतात. पण हे तिथे बोलायचं कोणी? चौघेही अंगावर शाल घेऊन दोन तास उन्हात उभे राहिले आणि मग राहिलेलं काम उरकायला पळाले.

सत्काराने कोणाचा चेहरा उजळला नाही, तेव्हा शेटांनी लांबून एक महाराज आणले. दुपारी औषधं देऊन झाली की अर्धी घटका जरा पाठ टेकायला मिळायची, नेमक्या त्याच वेळी प्रवचन ठेवलं.

"थकवा देहाला नसतो, मनाला असतो," महाराज म्हणाले. "डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या."

सगळ्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याच श्वासाला गेनू घोरू लागला. शेट ओशाळले, मग रागावले. महाराज गेल्यावर भिवराबाई त्यांच्याजवळ आल्या.

"शेट, म्हाराज चांगलं बोलले. पर आमास्नी म्हंजी..."

"आवडलं ना? पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावतो!" शेट म्हणाले आणि समाधानाने दुकानाकडे गेले. भिवराबाईंचं बोलणं तोंडातच राहिलं.

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. दवाखान्यात बयाजीबाबा नावाचे एक म्हातारे होते. हगवणीने अगदी गळून गेले होते. त्यांच्यासाठी डाळिंबाच्या सालीचा काढा उकळून ठेवला होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा कोठा जड झाला होता, म्हणून त्याच्यासाठी सोनामुखीचा. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी होत्या. भिवराबाईंनी त्या उचलल्या आणि ज्याचे जुलाब थांबवायचे त्या म्हाताऱ्याला जुलाब लावणारा काढा पाजला.

दुपारी बयाजीबाबांचे डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. वैद्यबुवा उशाशी बसून राहिले. मीठसाखरेचं पाणी, भाताची पेज, पुन्हा पाणी. घोटाघोटाने म्हातारा परतीच्या वाटेला लागला. दिवस कलायच्या सुमारास त्याने डोळे उघडले, तेव्हा वैद्यबुवांनी कपाळाचा घाम पुसला.

शेट धावत आले होते. दारात बयाजीबाबांचे मुलगे आणि त्यांच्यामागे निम्मं गाव उभं होतं.

"शेटजी, बाईंना काढून टाका," वैद्यबुवा हळूच म्हणाले. "लोकांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल."

सल्ला सोपा होता. चूक बाईंची, शिक्षा बाईंना, दवाखान्याचं नाव स्वच्छ. शेट औषधाच्या खोलीत गेले. भिवराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून आधीच फळीवर ठेवल्या होत्या.

"म्या निघते, शेट. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई."

"वाट्या ओळखता आल्या नाहीत तुम्हाला?"

"डोळ्यापुढं अंधारी आल्ती. वास घ्यायचं बी सुचलं न्हाई."

शेटांनी रागाने विचारलं, "का? सकाळी खाल्लं काय होतं?"

भिवराबाईंनी वर आढ्याकडे पाहिलं. शेटांना वाटलं, बाई उत्तर द्यायचं टाळताहेत. पण त्या खरोखरच आठवत होत्या. त्यांनी बोटांवर मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं.

"आज न्हाई. काल... काल ती बाळंतीण आली. परवा दोन घास खाल्ले वाटतं. उभ्यानंच."

"दोन दिवस जेवला नाहीत? मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं, शेट? नेम तुमच्या आईचा हाय."

शेट रागावायचं विसरले. खोलीत एक खोका होता, त्यावर मटकन बसले. आई म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. पदर खोचलेली, हातात भाताचं भांडं, "अजून घ्या की" म्हणणारी. सगळं गाव तिला अन्नपूर्णा म्हणे. शेट ही गोष्ट अभिमानाने सांगत. आज पहिल्यांदाच त्यांनी आईला जेवताना आठवून पाहिलं. पानावर बसलेली, घास घेणारी, पाणी पिणारी आई. त्यांनी पुष्कळ आठवलं. एकही दिवस आठवेना. आई पंचेचाळिसाव्या वर्षी गेली होती. कशाने गेली, ते वैद्यांना सांगता आलं नव्हतं. तिच्या पानावर शेवटी काय उरतं, हे घरात कोणीच विचारलं नव्हतं. शेट लहान मुलासारखे रडले. भिवराबाईंना काय करावं ते कळेना. त्या पाणी आणायला निघाल्या, तसं शेटांनी त्यांना हाताने थांबवलं. डोळे पुसून ते बाहेर आले.

"बाबा वाचले, ही देवाची कृपा," ते दारातल्या लोकांना म्हणाले. "वाटी भिवराबाईंच्या हातून चुकली. पण त्यांना दोन दिवस उपाशी मी ठेवलं होतं. चूक माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला."

लोक बोलले. बयाजीबाबांचा थोरला मुलगा तर खूपच बोलला. शेटांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात त्यांना इतकं कोणी बोललं नव्हतं. पण भिवराबाईंचं नाव कोणी काढलं की ते मध्ये पडत आणि म्हणत, "नाही, मला बोला."

दुसऱ्या दिवशी शेटांनी गावातल्या दोन हुशार बायका आणि एक धट्टाकट्टा गडी कामाला घेतला. निम्म्यांनी खाटांजवळ थांबायचं, निम्म्यांनी जेवायचं, मग पाळी बदलायची, असं ठरवलं. औषधाच्या खोलीशेजारची अडगळ काढून तिथे सतरंजी टाकली आणि दाराला आतून कडी बसवली. मग स्वयंपाकघरात पाट मांडले आणि स्वतः धोतर खोचून वाढायला उभे राहिले. हाताला सवय नव्हती. पहिल्याच पानावर आमटी सांडली. सुंद्राबाई पाटावर बसूनच डोळे मोठे करून बघत होत्या.

"आजपासून वाढणाऱ्यांची पंगत आधी," शेट म्हणाले. "आई रागावली तर मी बघून घेईन."

भिवराबाईंनी भाकरी मोडली. वाफ निघाली. घास तोंडाशी नेणार, तोच आतून हाक आली, "बाई, पाणी!" आवाज बयाजीबाबांचा होता. भिवराबाई सवयीने उठू लागल्या.

"बसा," शेट म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले.

बयाजीबाबांनी शेटांकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं.

"बाई कुठं हाय?"

"जेवताहेत, बाबा. मी देतो पाणी."

म्हाताऱ्याने शेटांचा तांब्याचा हात हलकेच बाजूला सारला आणि उशीवर डोकं टेकलं.

"मग थांबतो की मी. तिच्या हातनंच पिईन. निवांत जेवू दे तिला. कालपास्नं बघतोय, माझ्यापरीस तीच जास्त आजारी दिसती."

तात्पर्य: आजाऱ्याला सांभाळणारी माणसं देव नसतात, त्यांनाही भूक आणि थकवा असतो. त्यांना नुसतं कौतुक पुरत नाही. त्यांचा घास आणि विसावा जो आधी जपतो, त्याच्याच दारी रोगी सुखरूप राहतो.