घंटेपाशी बसलेला जेथ्रो

ऐन वेळी संकट टळलं की इंग्रज माणूस म्हणतो, घंटेनं वाचवलं. असं का म्हणतात याच्या पुष्कळ गोष्टी सांगतात, खरंखोटं देव जाणे. अशाच एका घंटेची ही गोष्ट.

जुन्या काळी तिकडं जिवंत माणूस चुकून पुरला जाईल अशी धास्ती असे. म्हणून श्रीमंत लोक प्रेताच्या बोटाला दोरी बांधत आणि तिचं दुसरं टोक थडग्यावरच्या घंटेला.

एका गावी कोळशाच्या खाणीत आग लागली. अकरा माणसं आत अडकली. दुपारीच मालक ऑब्री गवंडी आणि विटा घेऊन हजर झाला. खाणीचं तोंड बुजवलं की आग विझते, कोळसा वाचतो.

"आतले सगळे मेलेत," तो म्हणाला. "लावा विटा."

एस्तर पुढे झाली. तिचा नवरा जेथ्रो आतच होता.

"मालक, तुमचे वडील गेले तेव्हा दोन डॉक्टरांनी नाडी पाहिली होती. तरी तुम्ही घंटा टांगलीत, आणि ती ऐकायला आठ दिवस माझ्या नवऱ्याला थडग्यापाशी बसवलंत. आज त्याची नाडी कोणी पाहिली?"

गवंड्यांनी थाप्या ठेवून दिल्या.

एस्तरनं थडग्यावरची तीच घंटा आणून खाणीच्या तोंडाशी टांगली, दोरी आत सोडली आणि आठ दिवस ती तिथून हलली नाही. नवव्या दिवशी तिनं दोरी वर ओढली. दोरी रिकामीच आली. मग तिनं आपल्या हातानं घंटा एकदा वाजवली आणि गवंड्यांना विटा लावायची खूण केली.