खोबरेलबाई बोलेना

फार मागं, वस्तूंच्याही सोयरिकी जुळायच्या तेव्हाची गोष्ट. घाटावरच्या एका कोनाड्यात फणी राहायची. तिनं आपल्या मुलाला, आरशाला, कोकणातली खोबरेल तेलाची बाटली बायको करून आणली. सून मोठी बोलकी होती.

पौषात थंडी अशी पडली की माठातलं पाणी दगड झालं. फणीनं सुनेला विचारलं, "चहा घेशील का गं?"

सून गप्प.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

सून गप्पच. उलटी धरली तरी तोंडातून एक शब्द सांडला नाही.

"माज आलाय," फणी सगळे दात विचकून म्हणाली.

"आई, ती पांढरीफटक पडलीय," आरसा म्हणाला.

"तुला नुसते चेहरेच दिसतात मेल्या. तिला माहेरी धाडायची."

आठव्या दिवशी सकाळी अंगणात गाडी आली. बैल जुंपेपर्यंत सुनेला तापल्या बंबाशेजारी ठेवलं. जरा वेळानं ती कडेकडेनं पातळ झाली आणि बोलायला लागली.

"सासूबाई, चहा घेईन की. आलं घाला. तुमचं काही चुकलं नाही. आणि माज कसला हो, मी गोठले होते. आमच्याकडं एवढी थंडी नसते."

फणीनं बैल सोडायला लावले. "आठ दिवसांचा चहा आहे," ती हळूच म्हणाली, "परत उकळते."

तेव्हापासून त्या घरात पौष लागला की सुनेला आधी बंबाजवळ बसवतात, आणि मग काय ते विचारतात.